‘राऊतला जन्मठेप’, पण कोणत्या राऊतला?

तालुक्याच्या गावाहून बातम्या पाठवणाऱ्या एका तरुण वार्ताहराने विचारलं आहे: ‘सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात एकाला जन्मठेप दिली. मी बातमी पाठवली. मजकुरात पूर्ण नाव एकदा होतं, पण शीर्षकात डेस्कने फक्त आडनाव आणि गाव टाकलं. त्या गावात त्या आडनावाची २२ घरं आहेत. त्यातले एक गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. त्यांच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, पाहुण्यांनी फोन उचलणं बंद केलं. आता गुरुजी वकिलाची नोटीस पाठवणार म्हणतात. माझं चुकलं का? आणि निकालाच्या बातमीत आडनाव नेमकं कसं वापरायचं?’

आडनाव तुम्ही मला कळवलंत, पण इथे मी ते बदलून ‘राऊत’ केलं आहे. हे उत्तर तुमच्या गावातही कोणीतरी वाचेलच. राऊत घेतलं कारण हे आडनाव आपल्याकडे कुणब्यांत आहे, माळ्यांत आहे, बौद्धांतही आहे, आणि एकाच गावात तिन्हीकडे असू शकतं. मी ३१ वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी कोर्टाच्या बातम्या केल्या, त्यातली शेवटची नऊ डेस्कवर. म्हणजे तुमच्याकडची चूक मी केलेली आहे आणि डेस्ककडचीही.

नोटीस आली तरी तुम्ही बहुधा तरून जाल. पण चूक झाली, आणि ती एकट्या डेस्कची नाही. तुमच्या मजकुरात पूर्ण नाव एकदाच आलं, पुढे नऊ वेळा ‘आरोपी राऊत’, ‘राऊतने’, ‘राऊतच्या’. शीर्षक करणाऱ्याने तेच उचललं. तो जिल्ह्याला बसतो. त्याला राऊत म्हणजे एक माणूस वाटला. तुम्हाला माहीत होतं की तुमच्या गावात राऊत म्हणजे खालचा पुरा अख्खा.

आधी नोटिशीचं बघू. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. जुन्या दंड संहितेत तो ४९९ आणि ५०० मध्ये होता. त्याचा चौथा अपवाद हे आपल्या धंद्याचं छप्पर आहे: न्यायालयाच्या कामकाजाचा किंवा निकालाचा मूलतः खरा वृत्तांत छापणं ही बदनामी नाही. न्यायालय अवमान कायदा, १९७१ मध्येही कलम ४ ने न्याय्य आणि अचूक वृत्तांताला असंच संरक्षण दिलं आहे. तुमची बातमी खोटी नव्हती. एका राऊतला जन्मठेप झालीच होती. फौजदारी तक्रारीसाठी गुरुजींच्या हाती तीन वर्षं आहेत आणि छापील बदनामीच्या दिवाणी दाव्यासाठी एक वर्ष, पण दोन्हीकडे त्यांना हे दाखवावं लागेल की वाचणाऱ्याने त्यांनाच ओळखलं.

इथे मात्र सावध राहा. दिवाणीत तुमच्या मनात कोण होतं याला फारसं वजन नसतं. वाचणाऱ्याला कोण दिसलं याला असतं. लंडनचा १९४० चा एक निकाल आहे, न्यूस्टेड नावाच्या माणसाचा. एका पत्राने बातमी दिली होती की कॅम्बरवेलच्या तीस वर्षांच्या हॅरल्ड न्यूस्टेडला दोन बायका केल्याबद्दल शिक्षा झाली. बातमी खरी होती. पण त्याच भागात त्याच वयाचा, त्याच नावाचा दुसरा एक हॅरल्ड न्यूस्टेड होता, केस कापण्याचा धंदा करणारा. शिक्षा झालेला दारूच्या गुत्त्यावर कामाला होता, आणि त्याचा पत्ता नि धंदा बातमीतून गळला होता. कोर्टाने पत्राला जबाबदार धरलं. ज्युरीने भरपाई किती दिली, तर एक फार्दिंग, म्हणजे आपल्याकडचा दिडकीचा हिशेब. तरी तत्त्व ठरून गेलं: नाव छापणाऱ्याने माणूस ओळखू येईल इतका तपशील देण्याची तसदी घ्यायची. तुमच्या शीर्षकात तर पहिलं नावही नव्हतं.

गावात आणखी एक प्रश्न निघतो, तो तुमच्यापर्यंत यायच्या आत सांगतो. ‘आम्ही सगळे राऊत मिळून केस टाकतो.’ कलमात व्यक्तिसमूहाच्या बदनामीचीही सोय आहे, पण समूह नक्की ओळखता यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये चोक्कप्पा प्रकरणात हे स्पष्ट केलं. आडनाव हा असा समूह होतो का, यावर देशभर काथ्याकूट झाला तो मोदी आडनावाच्या खटल्यात. १३ एप्रिल २०१९ ला कोलारच्या सभेत राहुल गांधी बोलले, २३ मार्च २०२३ ला सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली, आणि ४ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली. स्थगिती देताना न्यायालयाने बोट ठेवलं ते कमाल शिक्षा देण्यामागची कारणं दिली नाहीत यावर. आडनावाचा समूह होतो की नाही, हा मुद्दा त्या आदेशाने निकाली काढला नाही. त्यामुळे ‘आडनावावरून केस होते’ किंवा ‘होत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्या दोन्ही वकिलांपासून दूर राहा.

आता कोर्टातलं एक दृश्य सांगतो. आडनाव या कामाला किती अपुरं आहे ते मला तिथे समजलं.

तालुक्याचं जुनं कोर्ट, कौलारू, व्हरांड्यात दोन बाकं. उन्हाळ्याचे दिवस, कोर्ट सकाळचं. शिपायाने पुकारा केला, ‘मारोती राऊत हाजिर हो!’ बाकावरून दोघं उठले. एक मारहाणीच्या खटल्यातला आरोपी, दुसरा शेताच्या धुऱ्याच्या वादात आलेला फिर्यादी. दोघंही आत शिरले. बेंच क्लार्कने दोघांकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला: ‘वल्द?’ एक म्हणाला सखाराम, दुसरा म्हणाला पंजाब. सखारामचा थांबला, पंजाबचा मागे वळला. जाताना पुटपुटला, ‘आपल्यालेच बलावलं वाटलं जी.’ सगळं मिळून अर्धा मिनिट. मी तेव्हा वहीत फक्त ‘राऊत’ लिहून घेतलं होतं. बेंच क्लार्कला जे न विचारता पुढे जाता येत नव्हतं ते मी विचारलंच नव्हतं.

‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या जुन्या कागदांतून तो शब्द आपल्याकडे टिकून आहे. आजोबांच्या नावच्या सातबाऱ्याची जुनी नक्कल काढा, दिसेल. नागपूर खंडपीठाच्या इंग्रजी निकालपत्रांतही नाव आणि आडनावाच्या मधोमध ‘सन ऑफ’, ‘डॉटर ऑफ’ घालून बापाचं नाव येतं. मुंबईच्या निकालांत सहसा सरळ तिन्ही नावं एका ओळीत असतात. नागपूरची ही पद्धत दिसायला जुनाट आहे, पण आपल्या कामाची आहे. निकालपत्राचं पहिलं पान उघडा: आरोपी क्रमांक १, पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार अमुक, तालुका तमुक, जिल्हा. बातमीत पहिल्यांदा नाव येतं तिथे हे सगळं घ्या. वय आणि धंदा ही सजावट नाही. ‘वय ३४, धंदा मजुरी’ एवढं असतं तरी तुमच्या गावचे ५२ वर्षांचे गुरुजी बाजूला झाले असते.

पुढच्या उल्लेखांत ‘आरोपी’ पुरतो. दोन आरोपी असतील तर पहिल्या नावाने लिहा, ‘मारोतीने’, ‘गजाननने’. शहरातल्या डेस्कला हे खटकतं, त्यांना आडनाव सभ्य वाटतं. खटकू द्या. शीर्षकात आडनाव फक्त त्याचं, ज्याचं आडनाव उच्चारल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहतो: मंत्री, आमदार, देशभर गाजलेला कोणी. बाकीच्यांसाठी शीर्षकात कृत्य आणि शिक्षा लिहा. ‘धुऱ्याच्या वादातून खून, आरोपीला जन्मठेप’ यात काय कमी पडलं?

आणखी एक छोटं दुखणं: लिपी. निकाल इंग्रजीत, बातमी मराठीत. इंग्रजीत ‘ध’ आणि ‘ढ’ एकसारखेच दिसतात, ‘ल’ आणि ‘ळ’ सुद्धा. धोटेंचे ढोटे होतात, काळेंचे काले, डहाकेंचे दहाके. वानखडे की वानखेडे यावर तर घराघरांत मतभेद आहेत. सरकारी वकिलाच्या टेबलावर पोलिसांचं मराठी दोषारोपपत्र असतं, त्यात नाव देवनागरीत असतं; तिथून ताडून घ्या. ई-कोर्टच्या संकेतस्थळावरही पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण एकाच नावाचे पाच खटले निघतात. म्हणून प्रत्येक खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक वहीत लिहून ठेवायची सवय करा. वाद निघाला तर तोच तुमचा साक्षीदार.

इथवर जे बोललो ते चुकून दुसऱ्याच माणसावर ठपका येण्याबद्दल. याहून वाईट प्रकार म्हणजे जिला झाकायचं तीच आडनावामुळे उघडी पडणं. तुम्ही याबद्दल विचारलं नाहीत, पण तुमच्या वयाची मुलं इथेच अडकतात, म्हणून जरा थांबतो.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे. न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सोचं कलम २३: नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, किंवा ज्याने ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. किमान सहा महिने, कमाल एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि प्रकाशक-मालकही जबाबदार. आरोपीच अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्याचीही ओळख झाकतं. ११ डिसेंबर २०१८ ला निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाव तर नाहीच, पण दूरान्वयानेही ओळख पटेल असा तपशील नको. पीडिता मरण पावली असेल आणि आईवडील हो म्हणत असतील तरी आपल्या मनाने छापायचं नाही. त्यासाठी सत्र न्यायाधीशांची परवानगी लागते.

हे सगळे पाठ म्हणतात आणि मग बातमी येते: ‘मुलीवर अत्याचार करणाऱ्या बापाला वीस वर्षं सक्तमजुरी’, खाली बापाचं नाव, आडनाव, गाव, वय. मुलीचं नाव छापलेलं नाही म्हणून डेस्क निर्धास्त. अहो, बापाचं आडनाव तेच तिचं आडनाव. त्या बापाला मुलगी एकच. आठशे वस्तीच्या गावात आणखी काय झाकायचं राहिलं? काका असेल तरी तेच, आजोबा असेल तरी तेच, सावत्र बाप असेल तर घर तेच. मी स्वतः अशी बातमी दिली आहे, नोकरीच्या चौथ्या वर्षी. महिनाभराने त्या गावी दुसऱ्याच कामाला गेलो तेव्हा पानटपरीवर कळलं की पोरीला मामाच्या गावी धाडलं, शाळा सुटली. टपरीवाल्याने मला ओळखलं नव्हतं. तो म्हणाला, ‘पेपरात आलं ना बापा, मग थे कशी राहीन इथं?’ मी सुपारी अर्धी ठेवून उठलो.

तेव्हापासून माझा नियम असा: नातं आणि नाव यांतलं एकच छापायचं. नातं सांगायचं असेल, म्हणजे गुन्हा घरातला होता हे वाचकाला कळायला हवं असेल, तर नाव, आडनाव आणि गाव तिन्ही जातात, फक्त तालुका राहतो. तालुका लहान असेल तर तोही जातो आणि जिल्हा उरतो. नाव छापायचं असेल तर नात्याबद्दल चकार शब्द नाही, ‘नातेवाईक’ हाही नाही. दुसऱ्या पत्राने नाव छापलं आणि तुम्ही नातं, तर दोन्ही कात्रणं शेजारी ठेवणाऱ्याला कोडं सुटतं. म्हणून निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारातच इतर वार्ताहरांशी बोलून एक मार्ग ठरवा. स्पर्धा बाकीच्या ३६४ दिवशी आहेच.

या कायद्याचं मूळ आपल्याच मातीत आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. वडसा तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. त्या निकालाविरुद्ध देशभर आवाज उठला आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदे बदलले. पीडितेची ओळख छापण्यावर बंदी घालणारं जुन्या दंड संहितेचं कलम २२८-अ, म्हणजे आजचं कलम ७२, त्याच वेळी आलं. कायद्याच्या पुस्तकात हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून आहे, म्हणजे आरोपी पोलिसाच्या पहिल्या नावाने. लोकांच्या तोंडी मात्र तो त्या मुलीच्या नावाने राहिला, आणि अजून तसाच छापला जातो. तिच्यामुळे जो पडदा आला तो तिलाच मिळाला नाही. मी ते नाव लिहीत नाही, ‘देसाईगंज खटला’ लिहितो. काही मित्रांना हा आडमुठेपणा वाटतो.

घटस्फोटाच्या, पोटगीच्या बातम्यांबद्दल लांबण लावत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार ते कामकाज बंद दाराआड चालतं आणि छापता येत नाही. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असेल तरच, तोही न्यायालयाच्या परवानगीने. दंड जेमतेम हजार रुपयांचा आहे म्हणून कोणी जुमानत नाही. तरी आडनावं छापू नका. सासर आणि माहेर, दोन भावक्या एकदम दुखावतात.

आता न्यायाधीशांचं आडनाव. अमरावतीचे भूषण गवई १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश झाले, तेव्हापासून आपल्याकडे ‘गवईंनी निकाल दिला’ ही बोली घट्ट झाली. राहुल गांधींना स्थगिती देणारं खंडपीठही त्यांच्याच अध्यक्षतेखालचं होतं. पण खंडपीठाचा निकाल खंडपीठाचा असतो. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल १ ऑगस्ट २०२४ चा, सात न्यायाधीशांचा, सहा विरुद्ध एक. क्रीमी लेयरबद्दल गवईंनी स्वतंत्र मतपत्र लिहिलं होतं, तर बातम्या अशा आल्या की जणू निकाल एकट्याचा. पारावर मग निकालावर चर्चा राहत नाही, आडनावावर राहते: ‘आपल्याच माणसानं असं काऊन केलं?’ किंवा ‘त्याईचाच आहे ना थो, तसंच करन.’ आडनावावरून जात काढायची आणि जातीवरून निकाल वाचायचा, ही खोड वाचकाची आहे, पण तिला खाद्य आपण घालतो. न्यायाधीशांचं पूर्ण नाव, खंडपीठात आणखी कोण होतं, मत बहुमताचं की वेगळं, एवढं एका वाक्यात बसतं.

नुसतं आडनाव इथेही फसवतं. चंद्रचूड म्हणजे कोण? यशवंत चंद्रचूड १९७६ मध्ये आणीबाणीतल्या जबलपूर खटल्याच्या बहुमतात होते, म्हणजे आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही असं म्हणणाऱ्यांत. २०१७ मध्ये खासगीपणाच्या अधिकाराच्या निकालात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी तो निकाल चुकीचा होता असं लिहिलं. व्यभिचाराच्या कलमाबाबतही १९८५ ला वडिलांनी जे टिकवलं ते २०१८ ला मुलगा असलेल्या घटनापीठाने रद्द केलं. ‘चंद्रचूड निकाल’ असं लिहिलं तर अर्थ नेमका उलटा होऊ शकतो. आणि अमरावतीत २०१५ पर्यंत नुसतं ‘गवई’ म्हटलं की लोकांना रा. सू. गवई, म्हणजे दादासाहेब, आठवायचे.

जातवैधतेच्या निकालांत आडनाव हा थेट पुरावाच होऊन बसतो, म्हणून तिथे दुप्पट काळजी. नागपूरकडच्या हलबा कोष्टी घरांत ‘मिलिंद निकाल’ म्हटलं की म्हाताऱ्या माणसालाही कळतं. हलबा कोष्टींना हलबा या अनुसूचित जमातीत धरता येणार नाही, असं सांगणारा २८ नोव्हेंबर २००० चा घटनापीठाचा तो निकाल एका मुलाच्या पहिल्या नावाने ओळखला जातो आणि त्याने हजारोंच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा केला. पडताळणी समिती दावा ‘अवैध’ ठरवते, आणि आपण शीर्षक करतो ‘बोगस आदिवासी’. अवैध म्हणजे समितीपुढे पुरावा पुरला नाही. बनावट म्हणजे खोटा कागद केला. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिवाय बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळाली असेल तर ती मोलाची ठरते. २०१० चा अपूर्वा निचळे निकाल याचसाठी दाखवला जातो. मग एका चुलत भावाच्या नावाने ‘बोगस’ छापून आलं की दुसऱ्याच्या कार्यालयात सकाळी कात्रण टेबलावर असतं. अशा बातमीत अर्जदाराचं पूर्ण नाव द्यावंच असं नाही. जमात, समिती आणि कारण यांत सगळी बातमी असते.

जातीबद्दल एक अलीकडचा आदेश माहीत असू द्या. १० जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणत्याही न्यायालयात पक्षकारांच्या नावासोबत जात किंवा धर्म लिहू नये. मग बातमीत ‘पारधी समाजाचा आरोपी’ कशाला? पवार, भोसले, काळे, चव्हाण ही आडनावं पारधी तांड्यांवरही आहेत आणि मोठमोठ्या वाड्यांतही. वाड्यातल्या पवारने खून केला तर तो ‘आरोपी’ असतो; तांड्यावरच्या पवारने बकरी चोरली तर ‘पवार टोळी’. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, तो ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. आपल्या शीर्षकांतून संपायला अजून वेळ लागतोय. ‘टोळी’ हा शब्द तेव्हाच, जेव्हा निकालात तो आरोप सिद्ध झालेला असेल.

आणि निर्दोष सुटका? अटकेची बातमी पहिल्या पानावर आडनावासकट छापली असेल तर सुटकेचीही त्याच नावाने, त्याच पानावर देण्याचा आग्रह धरा. संपादक ऐकतीलच असं नाही. माझे दहातले चार ऐकायचे.

आता गुरुजींचं. नोटिशीची वाट बघू नका आणि फोनही करू नका. स्वतः घरी जा, संध्याकाळी, एकटे. खुलासा छापायचा का आणि कोणत्या शब्दांत, हे त्यांना विचारा. ‘शिक्षा झालेला तो आमच्या गावचे राऊत गुरुजी नव्हेत’ असा खुलासा लोक उत्साहाने छापतात, आणि ज्याला काहीच माहीत नव्हतं त्यालाही गुरुजी आणि खून हे दोन शब्द एका ओळीत भेटतात. त्यापेक्षा सरळ दुरुस्ती द्या: अमुक तारखेच्या बातमीच्या शीर्षकात आरोपीचं पूर्ण नाव द्यायचं राहिलं, शिक्षा झालेल्या आरोपीचं पूर्ण नाव असं, वय इतकं, धंदा मजुरी. त्याच पानावर, तितक्याच ठळक. संकेतस्थळावर शीर्षक बदलून घ्या, पण तेवढ्याने भागत नाही. बातमीच्या दुव्यात जुनं आडनाव तसंच राहतं आणि व्हॉट्सॲपवर तेच दिसतं. दुवाही बदलायला सांगा.

समाधान झालं नाही तर गुरुजींना प्रेस कौन्सिलकडे जाता येतं, हे तुम्हीच त्यांना सांगा. छापील पत्राविरुद्ध आधी संपादकाला लेखी, मग दैनिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार. वकील लागत नाही. तुमच्याविरुद्धचा रस्ता तुम्हीच दाखवला तर ते बहुधा त्या रस्त्याने जाणार नाहीत, पण गेले तरी हरकत नाही.

आणि शक्य झालं तर दुरुस्तीचं कात्रण घेऊन सोयरिकीच्या पाहुण्यांकडे गुरुजींसोबत तुम्हीही जा. मी एकदा गेलो होतो. पाहुण्यांनी चहा दिला, कात्रण दोनदा वाचलं, आणि विचारलं, ‘मंग आधी काऊन नाही लिहिलं असं?’